एका बोटाचा फरक

दिवाळीला घरी गेलो की मी आधी गाडीभोवती एक चक्कर मारतो. लाखनीजवळच्या आमच्या गावात ती बारा वर्षांची ऑल्टो अंगणातल्या कडुलिंबाखाली उभी असते. तिची काळजी वाटते असं मी म्हणतो. खरं तर बाबांची वाटते, पण ते तोंडावर बोलायची आमच्या घरात पद्धत नाही. मग टायर बघायचे, ऑइल बघायचं, काचेवरचा चिकटा पुसायचा.

या वेळी पुढचं डावं चाक नजरेत खुपलं. टायरचा माथा आणि वरची फेंडरची कमान यांच्यामध्ये उजव्या बाजूला माझी चार बोटं सहज जात होती. डावीकडे तीनच.

"स्प्रिंग बसली असंल," बाबा ओट्यावरूनच म्हणाले. "इतकी वर्षं धानाची पोती वाहून राहिलो, बसणार नाही तं काय?"

ते पटण्यासारखंच होतं. बाबा जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक. तीन एकर धान अजून स्वतः बघतात. हंगामात मागची सीट पाडून चाळीस-चाळीस किलोची चार पोती राइस मिलवर नेतात, आणि आई पुढे डाव्या बाजूला. शिवाय गावच्या वाटेवर गाडीचं पोट गतिरोधकाला घासतं, ही त्यांची जुनी तक्रार. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद, म्हणजे चाक हळूहळू चढून हळूहळू उतरेल असा हवा. आमच्याकडे पोरांनी आणि ठेकेदारांनी मिळून घातलेले गतिरोधक बांधासारखे असतात. रिकाम्या गाडीखाली सोळा सेंटिमीटर जागा असते. चार पोती आणि चार माणसं बसली की त्यातली बरीचशी संपते.

मी ठरवलं, डाव्या स्प्रिंगमध्ये रबरी बफर बसवून घ्यायचा. गाडी सरळही होईल, थोडी उचललीही जाईल.

साकोलीतला मेकॅनिक बाबांचा विद्यार्थी. त्यानं माझं म्हणणं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बफर टाकून देतो दादा, अर्ध्या तासाचं काम हाये. पण गाडी खरंच बसली का, ते तं पाहू आधी."

मला वाटलं, बघायचं काय त्यात? दिसतंच आहे. त्यानं गाडी शेजारच्या मिलच्या सिमेंटच्या ओट्यावर घ्यायला लावली. गवंड्याची पाण्याची नळी आणून चारही चाकांखालची जमीन सपाट आहे का ते पाहिलं. हवा चारही टायरांत सारखी केली. मग गाडी दोनदा मागेपुढे ढकलली, कारण जॅकवरून उतरलेली किंवा नुकतीच वळवून लावलेली गाडी लगेच आपल्या खऱ्या उंचीवर बसत नाही. त्यानंतर टेप काढली.

चाकाच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंत उजवीकडे 36.5 सेंटिमीटर. डावीकडे 35.1. मी त्याच्याकडे विजयानं पाहिलं.

तो काही न बोलता खाली वाकला आणि दारांखालच्या पट्टीपासून, जिथे जॅक लावतात त्या खाचेपासून, जमिनीपर्यंतचं अंतर मोजलं. डावीकडे आणि उजवीकडे एकच आकडा. मागच्या खाचांचंही तेच. हात आत घालून त्यानं स्प्रिंगचं खालचं टोक चाचपलं. तुटायची असली तर स्प्रिंग बहुधा तिथेच तुटते. टोक शाबूत होतं.

"गाडी सरळ हाये, दादा. स्प्रिंग बसली असती तं ही पट्टीबी खाली आली असती. फेंडर खाली आलाय फक्त."

मी शॉकअपचं नाव काढलं. तो हसला. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते, शॉकअप फक्त तिची उसळी आवरतो. शॉकअप गेला तर गाडी डोलेल, खाली बसणार नाही. आणि सरळ गाडीत एकाच बाजूला बफर घातला असता तर? "चांगल्या बाजेच्या एका पायाखाली वीट ठेवल्यासारखं." ते चाक आणि कोपऱ्यासमोरचं मागचं चाक, दोघांवर जास्तीचा भार, चाकांची दिशा बिघडणार, टायर एका कडेनं झिजणार, दिव्याचा झोत वर जाणार. स्प्रिंग खरंच बसली असती तरी त्यानं दोन्ही बाजूंच्या जोडीनंच बदलल्या असत्या.

मग त्यानं बॉनेट उघडलं. बॉनेट आणि फेंडर यांच्यातली फट उजवीकडे एकसारखी होती, डावीकडे पुढे निमुळती होत गेलेली. फेंडरच्या बोल्टांवरचा रंग उडालेला. आतल्या पत्र्यावर हातोडीचे ठोके आणि वरून फवारलेला ताजा रंग.

"हे कधी झालं?" मी विचारलं.

त्यानं बॉनेट हळूच लावलं. "मी नाही केलं हे काम. गुरुजींलेच विचारा."

परतताना माझ्या डोक्यात रागच होता. रात्री जेवण झाल्यावर विचारलं. आई उठून आत गेली, तेव्हाच कळलं की तिला माहीत आहे. बाबा बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मागच्या हंगामात, तिन्हीसांजेनंतर, धानानं भरलेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. समोरून ट्रकचा झोत डोळ्यांवर आला. शेवटच्या क्षणी स्टिअरिंग वळवलं म्हणून फक्त डावा कोपरा लागला. आई शेजारीच होती.

"ट्रॉलीवाल्याची चूक होती," ते म्हणाले. ती होतीच.

"आणि झोत?"

ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दिव्याभोवती गोल गोल दिसते आजकाल."

कागदोपत्री बाबांचं काहीच चुकत नाही. पंचावन्न ओलांडलेल्यांना लायसन्स पाच वर्षांसाठी मिळतं. बाबांचं अजून तीन वर्षं चालतं. नूतनीकरणाच्या वेळी डॉक्टरचा दाखलाही रीतसर जोडलेला आहे. मोतीबिंदू मात्र अशा तारखा बघून वाढत नाही. मी पुण्यात बसून फोनवर ऑइल बदललं का विचारत होतो. डोळे तपासले का, हे एकदाही विचारलं नव्हतं.

चावी मागायचं मनात होतं. पण गावातून तालुक्याला जायला एसटी दिवसातून मोजक्या वेळा. चावी घेणं म्हणजे शेत, मिल, आईचा दवाखाना, सगळंच माझ्यासारख्या शेकडो किलोमीटर दूर असलेल्या माणसाच्या हातात घेणं. ते मला झेपणारं नव्हतं, आणि त्यांनाही ते ठाऊक होतं. शेवटी सौदा झाला: भंडाऱ्याला डोळे दाखवायचे, ऑपरेशन होईपर्यंत दिवस कलला की गाडी बाहेर काढायची नाही.

"फेंडर सरळ करून घेऊ?" मी विचारलं.

"राहू दे. चालताना काही लागत नाही ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी भंडाऱ्याला निघालो. बाबांनी गाडी चालवायला घेतली, मी अडवलं नाही. मी डाव्या बाजूला बसलो. गावाबाहेरच्या पहिल्या गतिरोधकाला त्यांनी गाडी जवळजवळ थांबवली, दोन चाकं चढवली, उतरवली, मग मागची दोन. खाली काही घासलं नाही.

"दिसला ना?" मी विचारलं.

"तो मले पाठ आहे," बाबा म्हणाले.