कॅम्डेन परगण्यातील चित्रपटगृहे

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहर पाहून झाल्यावर डेलावेअर नदीवरील भव्य झुलता पूल ओलांडला, म्हणजे प्रवासी न्यू जर्सी संस्थानातील कॅम्डेन परगण्यात प्रवेश करतो. कवी वॉल्ट व्हिटमन याने आपली अखेरची वर्षे येथे घालविली, यापलीकडे या परगण्याविषयी आपणांकडे फारसे कोणास ठाऊक नसते. तथापि करमणुकीच्या इतिहासात या उपनगरी मुलखाचे स्थान मोठे आहे. मोटारीत बसल्या बसल्या चित्रपट पाहण्याच्या कल्पनेचे पहिले पेटंट घेतले गेले ते येथील गृहस्थाकडून, आणि त्याबरहुकूम बांधलेले पहिले चित्रपटगृहही येथलेच. त्या कल्पनेच्या मुळाशी जो प्रश्न होता, तो आमच्या वाचकांस मुळीच परका वाटणार नाही: सारे घर करमणुकीस निघाले असता घरी कोणी राहावयाचे?

नदीवरील हा पूल १९२६ साली खुला झाला. तोवर कॅम्डेनहून फिलाडेल्फियास मोटार न्यावयाची, तर ती नावेत चढवावी लागे. पूल होताच शहरातील मंडळी पैलतीरी राहावयास येऊ लागली, आणि नव्या वस्तीबरोबर नवी चित्रपटगृहेही आली. ओकलिन गावानजीक व्हाइट हॉर्स पाइक या जुन्या हमरस्त्यावर १९२७ साली उघडलेले रिट्झ हे त्यांपैकीच एक. आरंभी तेथे चित्रपटांच्या जोडीला नाचगाण्यांचे व नकलांचेही खेळ होत. अशी गृहे शोभिवंत असत खरी. पण तेथे जावयाचे म्हणजे चांगले कपडे करावयाचे, अंधारात निमूट बसावयाचे, आणि तान्हे मूल रडू लागले की आईने उठून बाहेर जावयाचे. म्हाताऱ्या माणसांस ती बैठक सोसत नसे. म्हणून कोणीतरी घरीच राही, आणि ते कोणीतरी बहुधा घरातील स्त्रीच असे.

रिचर्ड हॉलिंग्सहेड या गृहस्थाच्या घराण्याचा कॅम्डेन येथे मोटारींस लागणारी तेले व साबण बनविण्याचा कारखाना होता. त्याची आई स्थूल असल्यामुळे चित्रपटगृहातील खुर्ची तिला अडचणीची होई, व त्यावरूनच त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. ते कसेही असो, त्याने प्रयोग केला तो आपल्या घराच्या अंगणात. मोटारीच्या पुढील झाकणावर त्याने प्रोजेक्टर ठेवला, समोरच्या झाडांना पडदा ठोकला, आणि पावसात चित्र दिसते की नाही हे पाहावयास बागेला पाणी घालण्याची फवारणी मोटारीवर सोडली. पुढच्या मोटारीआड मागच्यांचा पडदा झाकला जातो, ही खरी अडचण होती. तिच्यावर त्याने मातीच्या उतरत्या वरंब्यांचा तोडगा काढला. मोटारीची पुढची चाके वरंब्यावर चढवून ती उभी केली, की आतील माणसांची दृष्टी समोरच्या मोटारीवरून थेट पडद्यावर जाते. १६ मे १९३३ रोजी त्याला या रचनेचे पेटंट मिळाले, आणि ६ जून रोजी पेन्सॉकेन येथे ॲडमिरल विल्सन बुलेव्हार्ड या रस्त्यालगत खेळ सुरू झाला.

मोटारीमागे २५ सेंट व माणशी २५ सेंट असा दर होता. मात्र एका मोटारीस एका डॉलरहून अधिक आकार पडत नसे. ते दिवस अमेरिकेतील भयंकर मंदीचे होते. अशा काळी आजीपासून नातवापर्यंत साऱ्यांना एका डॉलरात खेळ पाहावयास मिळणे, ही लहान गोष्ट नव्हे. मुले कितीही गोंगाट करोत, सर्व कुटुंबाचे येथे स्वागत आहे, अशा अर्थाची जाहिरातच मालकाने केली होती. आमच्या मते या धंद्याचे सारे मर्म त्या जाहिरातीत आहे.

तथापि हे पहिले चित्रपटगृह दोन-तीन वर्षांतच बंद पडले. नवे बोलपट त्याला मिळत नसत. कॅम्डेनमधीलच आरसीए व्हिक्टर कंपनीने बनविलेले मोठे कर्णे पडद्यापाशी बसविले होते; त्यांचा आवाज मागच्या मोटारींपर्यंत उशिरा पोहोचे आणि शेजाऱ्यांची झोप मात्र वेळेवर मोडी. पुढे प्रत्येक मोटारीसाठी लहान कर्णा निघाला, तेव्हा ही अडचण दूर झाली. १९४९ साली न्यायालयाने हॉलिंग्सहेडचे पेटंट रद्द ठरविले. त्यामुळे वाट मोकळी होऊन १९५८ च्या सुमारास देशभर अशी ४,००० हून अधिक चित्रपटगृहे झाली.

ज्या मोटारीने ही करमणूक जन्मास घातली, तिनेच ती गिळलीही. मोटारी वाढल्या तशी उपनगरे पसरली. आणि खेळासाठी लागणारी गावाबाहेरची विस्तीर्ण जमीन गावातच येऊन सोन्याच्या भावाची झाली. याच परगण्यात १९६१ साली चेरी हिल मॉल हा प्रचंड बंदिस्त बाजार उघडला, आणि त्याच वर्षी तेथील गावाने आपले जुने नाव टाकून चेरी हिल हे नाव घेतले. पुढे घरोघर दूरचित्रवाणी व व्हिडिओ आले. १९९१ साली न्यू जर्सीतील अखेरचे असे चित्रपटगृह मिटले. ज्या संस्थानात आरंभ झाला, तेथेच एकही उरले नाही. पुढे २००४ साली व्हाइनलँड येथील एक जुने गृह पुन्हा उघडले, हाच काय तो दिलासा. उलट ओकलिनचे रिट्झ टिकले. तेथे १९८५ पासून एक नाटक मंडळी आपले प्रयोग करू लागली.

मुंबईकरांनीही ही कथा अनुभवली आहे. वांद्रे येथील ड्राइव्ह-इन चित्रपटगृह १९७७ साली सुरू झाले व २००३ साली बंद पडले. वांद्रे-कुर्ला भागातील जमिनीचे मोल ज्यांना ठाऊक आहे, त्यांस या अंताचे नवल वाटणार नाही. २०२१ साली त्याच भागातील एका मोठ्या इमारतीच्या गच्चीवर तसेच नवे चित्रपटगृह निघाले.

हॉलिंग्सहेडच्या युक्तीत उणेपणाही होता. ज्याच्या दारी मोटार नाही त्याला तिचा उपयोग नव्हता. आणि जो तो आपल्या मोटारीत बंद असल्यामुळे हजार माणसांनी एकदम हसण्याचा आनंद तेथे नव्हता. परंतु करमणुकीची जागा बांधताना घरातील सर्वांत थकलेल्या व सर्वांत धाकट्या माणसाचा विचार आधी करावा, ही दृष्टी त्याच्यापाशी होती. आज आपल्या घरी प्रत्येकाच्या हाती वेगळा पडदा आहे. घरी कोण राहणार, हा प्रश्न त्यामुळे सुटल्यासारखा दिसतो. वस्तुतः आता सारेच घरी राहतात, आणि एकमेकांच्या शेजारी बसून वेगवेगळे खेळ पाहतात. महिन्यातून एखादी संध्याकाळ तरी आजीला व तान्ह्या बाळाला बरोबर घेऊन साऱ्या घराने एकच पडदा पाहावा. त्यासाठी मोटार लागत नाही, आणि वरंबेही लागत नाहीत.