होते तेवढे

इंग्रजी शिकवणाऱ्या मास्तराला छळतात ते मोठमोठे शब्द नव्हेत. मोठा शब्द अडला तर कोश उघडता येतो. छळते ती चिल्लर. सम, एनी, मच, मेनी, फ्यू, लिटल! सुट्या पैशांसारखे हे शब्द सारखे हातात येतात, आणि देण्याघेण्यात चूक व्हायची ती यांच्यातच.

आता हेच पाहा ना. जे मोजता येते त्याला 'मेनी' आणि 'फ्यू', मोजता येत नाही त्याला 'मच' आणि 'लिटल', असे सांगून मी फळ्यावर दोन रकाने आखतो. आंबे, मुले, पुस्तके एकीकडे. दूध, पाणी, साखर दुसरीकडे. इथवर सारे सुरळीत चालते. मग मी दुसऱ्या रकान्यात 'राइस' लिहितो आणि एखादा हात वर होतो.

"गुरुजी, तांदूळ तर मोजता येतात!"

त्याचे काय चुकले? आपल्याकडे साखर 'असते', पण तांदूळ 'असतात'. मराठीने तांदळाचा दाणा न् दाणा वेगळा ठेवला. इंग्रजीने त्यांचा एकच ढीग केला. पुढे मी त्याच रकान्यात 'मनी' लिहितो, तेव्हा तर वर्गात हशाच पिकतो. नाणी मोजता येतात, नोटा मोजता येतात, आणि पैसा म्हणे मोजता येत नाही! पगाराच्या दिवशी हा नियम मलाही पटत नाही. महिनाअखेरीस मात्र पटतो. तेव्हा मोजण्यासारखे काही उरलेलेच नसते.

हे शब्द नामाचा हात धरून चालतात तोवर ठीक असते. पण क्रियापदानंतर ते एकटेच येऊन उभे राहिले की पंचाईत होते. 'आय हॅव सम.' म्हणजे आहे थोडे. काय थोडे? आपल्या मराठीत 'थोडी आहे' म्हटले तर ती साखर असेल, डाळ असेल, पण तांदूळ नव्हेत, एवढा तरी पत्ता लागतो. इंग्रजी 'सम' कसलाच पत्ता देत नाही. आधीचे बोलणे ज्याने ऐकले असेल त्यालाच तो कळायचा.

सर्वनामांच्या घरी तर पंक्तिप्रपंचच आहे. 'वी ऑल' चालते, 'वी सम' चालत नाही. तिथे 'सम ऑफ अस' म्हणावे लागते. आपल्याकडे 'आम्ही सगळे' आणि 'आम्ही काही जण' एकाच पंगतीला बसतात. तिकडे सगळ्यांना सर्वनामाशेजारी पाट, आणि काहींना मात्र 'ऑफ'च्या उंबऱ्याबाहेर जागा. मला व्याकरणातली ही गोष्ट फार खरी वाटते. सगळे एकत्र असतात तोवर 'आम्ही' अगदी जवळ असते. त्यातून काही वेगळे झाले की मध्ये काहीतरी उभे राहतेच. भाऊ वेगळे निघालेल्या कुठल्याही घरात विचारून पाहा.

इंग्रज माणूस आपल्याला कोरडा वाटतो, पण त्याच्या व्याकरणातही आतिथ्य आहे बरे! प्रश्न विचारताना 'एनी' वापरावे हा नियम. पण पाहुण्याला चहा विचारताना तो 'सम टी' म्हणतो. कारण तिथे उत्तर 'हो' येणार हे त्याने धरलेलेच असते. आपण हेच काम एका 'ना'वर भागवतो. "चहा घेणार का?" आणि "चहा घेताय ना?" यांत जो फरक, तोच एनी आणि सम यांत. (काही घरी "चहा घेऊन आला असालच" असेही म्हणतात, त्याला इंग्रजीत काय म्हणावे ते अजून मला सापडलेले नाही.)

आणि या चिल्लर शब्दांचे बळ तरी केवढे! २० ऑगस्ट १९४० रोजी चर्चिल ब्रिटिश पार्लमेंटमध्ये बोलायला उभे राहिले, तेव्हा इंग्लंडच्या आभाळात विमानांचे युद्ध चालू होते. आपल्या वैमानिकांचे ऋण सांगताना त्यांनी मच, मेनी आणि फ्यू हे तिन्ही शब्द एकाच वाक्यात गुंफले. केवढे ऋण, किती जणांवर, किती थोड्यांचे! त्या वाक्यात एकही आकडा नव्हता, आणि तरी जग ते वाक्य विसरले नाही.

पण मला कायमचा धडा शिकवला तो 'लिटल'ने.

'लिटल' म्हणजे जवळजवळ नाहीच. त्याला मागे एक 'अ' लावला की 'अ लिटल', म्हणजे थोडेसे का होईना, पण आहे. आणि 'अ'च्या जागी 'द' लावला तर? 'द लिटल' म्हणजे फार नव्हते, पण जे काही होते ते सगळे. मराठीला असला अ आणि द ठाऊक नाही, म्हणून आमची मुले तो हमखास गाळतात आणि आमची लाल शाई तो हमखास भरून काढते.

काही वर्षांपूर्वी मी वर्गाला 'आमचे घर' या विषयावर दहा इंग्रजी वाक्ये लिहायला सांगितली होती. मागच्या बाकावरच्या एका मुलाने लिहिले होते, 'वी हॅव लिटल राइस.' मी सवयीने मध्ये लाल 'अ' घातला आणि एक गुण कापला. वही परत मिळाल्यावर तो टेबलापाशी आला.

"गुरुजी, 'अ' लावला की थोडं आहे, आणि नाही लावला की जवळजवळ नाहीच, असं तुम्हीच सांगितलं होतं ना?"

"हो."

"मग माझं बरोबर आहे."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. तो व्याकरणाविषयीच बोलत होता. मी लाल 'अ' खोडला आणि गुण परत दिला. दुसरे काय देणार? हे 'दुसरे काय देणार' मात्र मला दिवसभर टोचत राहिले. वर्षभर मी त्याची वाक्ये तपासली होती, वाचली नव्हती.

दिवाळी आली. तांदूळ घेऊन गेलो असतो तर त्याच्या आईने घेतले नसते. पण दिवाळीच्या फराळाला नाही म्हणता येत नाही. म्हणून चिवडा, चकल्या आणि लाडू भरलेला डबा घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. बाईंनी घोंगडी अंथरली, बिनदुधाचा चहा केला. मुलगा दाराशी उभा राहून सारखा हसत होता. गुरुजी आपल्या घरी आले याचाच त्याला कोण आनंद!

निघताना मी डबा मागितला. बाई आत गेल्या. त्यांना यायला जरा वेळ लागला.

"राहू द्या बाई, डबा तसाच द्या."

"रिकामा डबा कसा देऊ, गुरुजी? सणाचा दिवस आहे."

घरी आल्यावर हिने डबा उघडला. तळाशी मूठभर तांदूळ होते, निवडून स्वच्छ केलेले.

"अगंबाई, तांदूळ?" ती म्हणाली. "आणि एवढेसेच?"

"एवढेसेच नव्हेत," मी म्हणालो. "होते तेवढे."