मसुदा विद्यार्थ्याचाच

विद्यापीठातील लेखन केंद्र ही विद्यार्थ्याने आपला अपुरा मसुदा घेऊन यावे आणि जाणत्या वाचकाशी त्यावर बोलावे, अशी जागा असते. निबंध, प्रकल्प अहवाल, प्रबंधाचे प्रकरण, शिष्यवृत्तीच्या अर्जासोबतचे निवेदन, काहीही चालते. भेट साधारण अर्ध्या ते एका तासाची असते. तिथे गुण दिले जात नाहीत आणि मसुदा दुरुस्त करूनही मिळत नाही. ही दुसरी अट नव्या विद्यार्थ्याला खटकते. पण या कामाचा कस तिच्यातच आहे.

अमेरिकेत ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने घडली. आयोवा विद्यापीठात १९३४ मध्ये लेखनाची प्रयोगशाळा सुरू झाली. पुढे १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने शहरातील माध्यमिक शालेय शिक्षण पूर्ण केलेल्या प्रत्येकासाठी दार उघडले. औपचारिक लेखनाची सवय नसलेली हजारो मुले वर्गात आली. तिथल्या सिटी कॉलेजातील प्राध्यापक मीना शॉनेसी यांनी अशा विद्यार्थ्यांचे सुमारे चार हजार निबंध अभ्यासले आणि १९७७ मध्ये ‘एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स’ हे पुस्तक लिहिले. या चुका आळसातून किंवा मंदबुद्धीतून होत नाहीत, अर्धवट कळलेला नियम प्रामाणिकपणे लावण्यातून होतात, हे त्यांनी दाखवले. पुढे १९८४ मध्ये स्टीफन नॉर्थ यांनी मांडले की केंद्राने निबंध नव्हे, लिहिणारा घडवावा. आजही बहुतेक केंद्रे याच भूमिकेवर उभी आहेत.

भेटीचा क्रम ठरलेला असतो. आधी प्राध्यापकांनी नेमके काय मागितले आहे, हे विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत सांगायचे. अनेक निबंध इथेच फसलेले आढळतात: मागितलेले असते मूल्यमापन, लिहिलेला असतो सारांश. मग मसुदा मोठ्याने वाचायचा. डोळ्यांना न दिसलेले अडखळणे जिभेला कळते. त्यानंतर मुख्य मुद्दा, त्याचे पुरावे आणि परिच्छेदांची जुळणी पाहायची. व्याकरण आणि विरामचिन्हे शेवटी. जो परिच्छेद उद्या गळणार आहे, त्यातले स्वल्पविराम आज सुधारण्यात अर्थ नाही. पेन सतत विद्यार्थ्याच्याच हातात राहते. मार्गदर्शक विचारतो: हे वाक्य इथे कशासाठी आहे? वाचकाला हे का पटावे? उत्तर देता देता विद्यार्थी जे बोलतो, ते पुष्कळदा कागदावरच्या मजकुरापेक्षा स्पष्ट असते. तेच लिहून घ्यायला सांगायचे.

मात्र केवळ प्रश्न विचारत राहण्याला मर्यादा आहेत. परक्या भाषेत लिहिणाऱ्याला ‘हे कानाला बरोबर वाटते का?’ असे विचारून उपयोग नसतो, कारण तो कान अजून तयार झालेला नसतो. मराठी माध्यमातून शिकून परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याच्या इंग्रजीत ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदे गळतात किंवा नको तिथे येतात, कारण मराठीत उपपदेच नाहीत. तिथे नियम सरळ सांगावा, दोन जागा दाखवाव्यात आणि बाकीच्या त्याला शोधू द्याव्यात. नेमून दिलेल्या पुस्तकातील मजकूर नीट मांडला की पूर्ण गुण, अशा परीक्षापद्धतीत वाढलेल्याला स्वतःचे म्हणणे पुढे ठेवणे उद्धटपणाचे वाटते. त्याला स्वतःचे मत मांडण्याचा संकेतही उघडपणे समजावून द्यावा लागतो. तो आपोआप उमगत नाही.

केंद्र एकटे पुरत नाही. १९७० च्या दशकापासून अमेरिकेत लेखन ही सर्वच विषयांची जबाबदारी मानणारी चळवळ वाढली. अभियांत्रिकीचा अहवाल आणि इतिहासाचा निबंध यांत पुरावा वेगळ्या रीतीने मांडला जातो; ती रीत त्या विषयाच्या शिक्षकानेच शिकवावी. त्यासाठी सत्राअखेर एकच लेख मागण्याऐवजी आराखडा, पहिला मसुदा आणि सुधारित मसुदा असे टप्पे ठेवावे लागतात. दुसरीकडे, अमेरिकेतीलच पर्ड्यू विद्यापीठाच्या लेखन प्रयोगशाळेने १९९० च्या दशकात आपले साहित्य इंटरनेटवर खुले केले. त्यामुळे ज्यांच्या महाविद्यालयात केंद्र नाही, त्यांनाही संदर्भ देण्याच्या पद्धती आणि मांडणीचे नमुने मिळू लागले.

केंद्र उभारायला मोठी इमारत लागत नाही. शांत खोली, नियमित वेळ, प्रशिक्षण दिलेले आणि मानधन मिळणारे वरच्या वर्गातील विद्यार्थी आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणारा अनुभवी शिक्षक एवढे हवे. केंद्र नापासांसाठी आहे असा शिक्का मात्र बसू देता कामा नये. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यालाही पहिल्या वाचकाची तितकीच गरज असते.