शोकाची व्याख्या लिहिताना

मानसशास्त्रातल्या संज्ञा सामान्य वाचकासाठी लिहायला घेतल्या की पहिली ओढ असते ती नोंद आटोपशीर करण्याची. मी समुपदेशनाच्या कामातून या लेखनाकडे आले, म्हणून असेल, मला आधी वाचणारा दिसतो. तो बहुतेकदा घरातल्या कुणासाठी तरी वाचत असतो. आईचं सतत हात धुणं पाहून धास्तावलेली मुलगी ‘मंत्रचळ’ शोधते. तिला नुसतं ‘पुन्हा पुन्हा येणारे विचार व कृती’ असं सांगितलं, तर घरातलं प्रत्येक टापटिपीचं माणूस आजारी ठरेल. विचार नको असताना घुसतात, कृती टाळली तर जीव कासावीस होतो, यात रोज तासाहून अधिक वेळ जातो किंवा जगणंच अडतं, हे लिहावंच लागतं.

सगळ्यांत कठीण नोंद मात्र शोकाची. जवळचं माणूस गेल्यावर पहिले दोन महिने, काही गंभीर लक्षणं वगळता, डिप्रेशनचं निदान करू नये, असं अमेरिकी मनोविकार संघटनेच्या डीएसएम या निदानपुस्तिकेच्या १९९४च्या आवृत्तीत होतं. २०१३ साली ती सूट काढली. शोकात असलेल्या माणसालाही डिप्रेशन येऊ शकतं, त्याचे उपचार अडू नयेत, हे कारण मला पटतं. पण आता साध्या दुःखालाही आजार म्हणतील, ही टीकाकारांची भीतीही मला खरी वाटते, कारण व्याख्या घरी वाचली जाते तेव्हा शेजारी डॉक्टर बसलेला नसतो.

पुढे २०२२च्या सुधारित आवृत्तीत दीर्घकालीन शोक विकार आला. प्रौढांसाठी अट किमान बारा महिन्यांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११मध्ये मात्र सहा महिने पुरतात. आपल्याकडे वर्षश्राद्धापर्यंत घर शोकात आहे असं धरतात, सणवार बेताने करतात, त्यामुळे वाचकाला बारा महिने लगेच पटतात आणि सहा महिने टोचतात. मी दोन्ही मुदती देते, एक निवडत नाही. शोक त्या समाजाच्या रूढीपलीकडे गेलेला असावा, ही दोन्हीकडची अट मुदतीला चिकटूनच लिहिते. ती सुटली तर उरतं फक्त कॅलेंडर.

तरी सुरुवात मुदतीने करू नये, असं माझं ठाम मत आहे. आकडा आधी दिला की वाचक दिवस मोजू लागतो आणि पुढचं निसटतं. आधी यायला हवी ती गेलेल्या माणसाची जवळजवळ रोजची, अनावर ओढ. मग तो गेला हे मनाला न पटणं, त्याच्या वस्तूंकडे पाहणं टाळणं, आपलाच एक भाग गेल्यासारखं वाटणं, माणसांत परतता न येणं. वर्षांनंतर एखाद्या संध्याकाळी डोळे भरून येणं यात बसत नाही, हे वाक्यही हवंच. कितीही जागा कमी असली तरी मी ते कापू देत नाही.

मुदतीनंतर आणखी एक ओळ येते. स्वतःचं जीवन संपवण्याचे विचार येत असतील तर सहा किंवा बारा महिने थांबायचं नाही, त्याच दिवशी मदत घ्यायची. तिच्याशेजारी मी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक छापायला लावते: १४४१६.