आधी वाचा, मग भांडू

डहाणू-तलासरीत काम करताना यंदा आम्ही बरंच वाचलं. मनात रुतलं ते गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’. लग्नाच्या कर्जापायी नवरा-बायको दोघंही सावकाराकडे राबत; त्यांना लग्नगडी म्हणत. १९४५ साली झरीच्या परिषदेत वारल्यांनी ही वेठ नाकारली.

‘लाल पुस्तक’ म्हणून आपली पोरं ते बाजूला सारतात. मित्रांनो, गोदावरीबाईंचे पती शामराव १९३७ साली बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेवर निवडून आले होते, हे किती जणांना ठाऊक आहे?

आमचा आक्षेप आहेच. जागा होतो वारली, पण लेखणी ब्राह्मण घरातून आलेल्या बाईंच्या हाती! येत्या रविवारी अभ्यासवर्गात यावरच वाद घालायचाय. पुस्तक वाचूनच या.