चिमणी दिसते, तरी कपात तेवढीच

आमच्या बांधावरून कारखान्याची चिमणी दिसते. अंतर ३ किलोमीटर. दाजींचं रान ३८ किलोमीटरवर. परवा दोघांची ऊसबिलं शेजारी ठेवून बघितली. तोडणी-वाहतूक कपात दोघांनाही टनाला ८७० रुपये.

तोडणीला मजुरी सारखीच, मान्य. पण वाहतूक? कारखाना सगळ्यांचा खर्च एकत्र करतो अन् एकूण टनांनी भागतो. म्हणजे दाजींच्या उसाच्या डिझेलात माझाही वाटा.

दाजी म्हणाले, "आमच्याकडं दुसऱ्या कारखान्याची टोळीपण येते. खरं भाडं कापलं तर ऊस तिकडं घालू."

खरी मेख इथं आहे. लांबच्याला दुसरं दार आहे, म्हणून त्याला सांभाळतात. मी कुठं जाणार? जवळ नवा कारखाना निघत नाही, २५ किलोमीटर हवाई अंतराची अट आहे.

दाजींशी भांडण नाही. लांबचा ऊस आला नाही तर गाळप लवकर आटपेल, हेही कळतं. पण अंतराचे टप्पे पाडून कपात करता येते की. यंदा सभेत विचारणार आहे. तुमचं अंतर अन् कपात खाली लिहा, कागद करून घेऊन जातो.