काडतुसावरची चरबी

1857 चा विषय निघाला की कुणीतरी हसून विचारतंच, "चरबीवरून कुठे एवढं मोठं बंड होतं का?" शाळेच्या पुस्तकातही ते एका ओळीत उरकलेलं असतं. गाय आणि डुक्कर, हिंदू आणि मुसलमान, मग भडका. पण काडतुसाला चरबी लावायचीच कशाला, हे त्या ओळीत कधी नसतं.

आजही नेमबाजीचा छंद असलेली पुष्कळ माणसं, विशेषतः अमेरिकेत, आपली काडतुसं घरी टेबलावर बसून स्वतः भरतात. पितळी पुंगळी, दारू, गोळी, सगळं तोलूनमापून. कारखान्याच्या मालात खेपेगणिक थोडा फरक पडतो आणि लांबच्या निशाण्याला तेवढाही पुरतो. अर्धस्वयंचलित रायफलवाले तर जास्तच जपतात, कारण पुंगळी मापाला जराशी चुकली की बंदूक अडकते. आत काय आहे हे भरणाऱ्याला नेमकं ठाऊक असतं.

कंपनी सरकारच्या शिपायाला ते ठाऊक नव्हतं.

त्याची जुनी बंदूक आतून गुळगुळीत नळीची. गोळी नळीत सैल बसायची, शंभर यार्डांपलीकडे नेमाचा भरवसा नसायचा. 1853 च्या नमुन्याच्या एन्फिल्ड रायफलीच्या नळीत आतून पेचदार खाचा होत्या. गोळी त्या खाचांत घट्ट धरून फिरत बाहेर पडली, तरच ती काही शे यार्डांवर नेमकी लागणार. मात्र ही गोळी तोंडाकडूनच भरायची, आणि काळ्या दारूची काजळी दोन-चार बारांतच नळीत साचते. म्हणून गोळीभोवतीच्या कागदाला बाहेरून वंगण. ते नसेल तर गोळी गजाने ठोकूनही खाली उतरत नाही. वंगण ही त्या अचूकपणाची गरजच होती. आणि दारू ओतण्यासाठी काडतुसाचा कागद दातांनी फाडायचा.

वंगण हवंच होतं, पण ते कसलं? कलकत्त्याजवळ डमडमला जनावराची चरबी आणि मेण यांचं मिश्रण वापरत. ती चरबी कोणत्या जनावराची, हे ठेकेदाराला विचारण्याची तसदी कुणी घेतली नव्हती. 1853 मध्ये चाचणीसाठी अशी काडतुसं विलायतेहून आली, तेव्हाच कर्नल टकर नावाच्या अधिकाऱ्याने लेखी बजावलं होतं की या वंगणाची आधी खात्री करा. तो कागद दप्तरात पडून राहिला.

डुकराचं काय ते आपल्या लोकांना सांगायला नको. गाईचा मुद्दाही फक्त हिंदूंचा नव्हता. जनावर हलाल केलेलं होतं की मेलेलं, हा सवाल मुसलमान शिपायाला होताच. औषधाच्या दुकानात कॅप्सूलवर नुसतं 'जिलेटिन' वाचून जो घुटमळला आहे, त्याला शुबहा म्हणजे काय हे वेगळं समजवावं लागत नाही. हराम असल्याचा पुरावा हातात नसतो, हलाल असल्याची ग्वाही द्यायला कुणी तयार नसतं, आणि घास मात्र आपल्या तोंडात जायचा असतो.

या कहाणीत मला सर्वांत जास्त खटकतं ते हे की इलाज अगदी सोपा होता आणि तो केलाही गेला. जानेवारी 1857 मध्ये डमडमहून तक्रार वर गेली आणि त्याच महिन्यात हुकूम निघाला: काडतुसं कोरी द्या, शिपाई आपल्या पसंतीचं वंगण स्वतः लावतील. मेण घ्या, तूप घ्या, तेल घ्या. पुढे दातांऐवजी बोटांनी फाडायची कवायतही आली. पण एव्हाना हुकमाचाच अर्थ उलटा लागत होता. काही नव्हतंच, तर बदललं कशाला? फेब्रुवारीत बंगालमधल्या बहरामपूरला 19 व्या पलटणीने काडतुसं नाकारली, ती तर जुन्या बंदुकीची होती. संशय आता कागदावरच होता. मग पिठात हाडांचा भुगा मिसळल्याची अफवा उठली.

24 एप्रिलला मेरठमध्ये तिसऱ्या घोडदळाच्या 90 स्वारांना बोलावलं. काडतुसं जुन्या पद्धतीचीच, आणि ती बोटांनी कशी फाडायची हे दाखवायला खुद्द कर्नल उभा. 85 जणांनी हात लावला नाही. त्यांत हिंदू होते, मुसलमान होते. कोर्ट मार्शलमध्ये निकाल देणारे देशी अधिकारीच होते, हेही लक्षात ठेवायला हवं. बहुतेकांना दहा वर्षं सक्तमजुरी झाली. 9 मे रोजी साऱ्या छावणीसमोर त्यांचे गणवेश उतरवून पायांत बेड्या ठोकल्या, आणि ते काम तासन् तास चाललं.

बंडाची कारणं पुष्कळ होती. अवध खालसा झालं होतं, पगार-भत्त्यांची कुरकुर होती, धर्मांतराची भीती होती. केवळ चरबीने राज्य हादरलं असं मीही म्हणणार नाही. पण त्या 85 जणांना भोळसट ठरवणाऱ्यांनी एवढं सांगावं, की चार वर्षं ज्यांनी चरबी कसली हे विचारलंच नाही, त्यांच्या तोंडी खुलाशावर शिपायाने कोणत्या आधारावर विश्वास ठेवायचा होता?

दहाएक वर्षांनी ब्रिटिश फौजेने त्याच एन्फिल्ड कापून मागून भरायच्या करून घेतल्या. 1866 पासून त्यांत धातूच्या बुडाचं काडतूस आलं आणि दातांचं काम संपलं. जुनी एन्फिल्ड हौसेने चालवणारे आजही आहेत. ते कागदाची काडतुसं घरी वळतात आणि मेणात चरबी मिसळून वंगण बनवतात. चरबी कसली घ्यायची, ते ज्याचं तो ठरवतो.